वेगाचा आकडा कुठून येतो?

‘पॉइंट टू-टू’ रायफलच्या गोळीला ५० मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या सरळ रेषेपासून साडेबारा सेंटिमीटर खाली ओढते. नेमबाजाला हे जाणवत नाही, कारण त्याने रायफलची साइट आधीच त्या हिशोबाने लावून ठेवलेली असते. पण ती जुळवणी एका ठरावीक वेगापुरतीच खरी. समजा, एक गोळी सेकंदाला ३२७ मीटर वेगाने नळीबाहेर पडली आणि तिच्यामागची ३१७ मीटर वेगाने. दुसरी गोळी पहिलीपेक्षा आठ मिलिमीटर खाली लागेल. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर शेजारच्या दोन वर्तुळांमधले अंतरही आठच मिलिमीटर असते. नेम तोच, श्वास तोच, चाप ओढणारे बोटही तेच, आणि तरी एक अख्खा गुण गेला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले, ते ४५१.४ गुणांवर. शेवटचा दशांश ध्यानात घ्या. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि या टार्गेटवर एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. अशा खेळात गोळ्यांचा वेग एकमेकींशी किती जुळतो हे माहीत नसून चालत नाही. म्हणूनच या गोळ्या बनवणाऱ्या इंग्लंडच्या इले कंपनीच्या ‘टेनेक्स’ गोळ्यांच्या डबीवर त्या लॉटचा वेग छापलेला असतो.

हा वेग ज्या उपकरणाने मोजतात त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. आजचा क्रोनोग्राफ खिशात मावतो आणि बटण दाबले की आकडा दाखवतो. आकडा इतक्या सहज हाती येतो, म्हणूनच तो कसा तयार होतो हे समजून घेणे महत्त्वाचे वाटते. तसे केले नाही तर त्याच्यावर नको तितका विश्वास बसतो.

वेग मोजण्याची पहिली भरवशाची रीत अठराव्या शतकातली. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात लंबकाची युक्ती मांडली. एक जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यावर गोळी झाडायची. गोळी ठोकळ्यात रुतते आणि तिचा संवेग ठोकळ्याला मिळतो. ठोकळा मागे झुलतो आणि आपल्यासोबत एक फीत ओढून नेतो. फीत किती सरकली, यावरून झोका कळतो, झोक्यावरून ठोकळ्याचा वेग आणि वस्तुमानांच्या गुणोत्तरावरून गोळीचा वेग. ठोकळा २५ किलोचा आणि गोळी ३८ ग्रॅमची धरली, तर गोळी ठोकळ्यापेक्षा साधारण साडेसहाशे पटींनी हलकी होते. गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने आली तर ठोकळा पाऊण मीटर वेगाने हलेल. अशक्य वाटणारे मोजमाप डोळ्यांना दिसेल इतके मंद करून टाकले, ही रॉबिन्सची खरी करामत. तोच लंबक बंदुकीपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. वाटेत हवा गोळीचा वेग फार मोठ्या प्रमाणात खाते. तोवर बहुतेक तोफविद्यावाले हवेचा रोध नगण्य मानून चालत होते. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे वारला.

एकोणिसाव्या शतकात वीज आली आणि पद्धत बदलली. बेल्जियमच्या तोफखान्यातला अधिकारी ल बुलांझे याने १८६० च्या दशकात जे उपकरण केले, ते विसाव्या शतकातही बराच काळ वापरात होते. गोळीच्या वाटेवर तारांच्या दोन चौकटी उभ्या करायच्या. प्रत्येक चौकटीतून वीज वाहते आणि एकेक विद्युतचुंबक चालू ठेवते. पहिल्या चुंबकाला एक लांब दांडी लटकलेली असते, दुसऱ्याला एक छोटे वजन. गोळीने पहिली तार तोडली की दांडी सुटून खाली पडू लागते. दुसरी तार तुटली की वजन पडते, एक खटका दाबते आणि पात्याचे टोक पडत्या दांडीवर खूण करते. खूण किती उंचीवर आहे यावरून दांडी किती वेळ पडत होती ते निघते. इथे घड्याळाचे काम गुरुत्वाकर्षण करते. मला हे उपकरण फार आवडते, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या क्रोनोग्राफचा सांगाडा त्यात उघडा दिसतो. एक सुरुवात, एक शेवट, दोघांमधले माहीत असलेले अंतर आणि एक विश्वासू घड्याळ. वेग थेट कुणी मोजत नाही. वेळ मोजली जाते आणि अंतराला तिने भागले जाते.

नंतर दांडीच्या जागी क्वार्ट्‌झ स्फटिकाचे इलेक्ट्रॉनिक घड्याळ आले आणि तारेच्या चौकटीच्या जागी आधी वाहक शाईने छापलेला कागद आला. तो प्रत्येक गोळीनंतर बदलावा लागे. मग प्रकाशाचा पडदा आला. अमेरिकेत टेक्सासमधल्या केन ओहलर यांच्या कंपनीने हे ‘स्काय स्क्रीन’ सामान्य नेमबाजांच्या हाती दिले. पुढे शूटिंग क्रोनी, प्रोक्रोनो अशी स्वस्त उपकरणे निघाली. आजही बऱ्याच जणांचा पहिला क्रोनोग्राफ याच जातीचा असतो, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून बघू.

खोक्यात तळाशी दोन प्रकाशसंवेदक बसवलेले असतात, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक अरुंद फट असते आणि त्यातून त्याला आकाशाची एक पातळ पट्टी दिसते. वर तारांच्या कमानीवर पांढरट प्लास्टिकची पट्टी असते. आकाशाचा उजेड एकसारखा पसरवणे हे तिचे काम. गोळी या पट्टीखालून गेली की संवेदकावर क्षणभर तिची सावली पडते आणि प्रकाश किंचित कमी होतो. सर्किट हळूहळू होणाऱ्या बदलाकडे, म्हणजे ढग किंवा उतरते ऊन याकडे, दुर्लक्ष करते. झटकन झालेला बदल मात्र ते पकडते. पहिल्या सावलीला घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या सावलीला थांबते.

आता आकडे घालून पाहू. दोन संवेदकांमध्ये एक फूट, म्हणजे ३०.५ सेंटिमीटर अंतर आहे आणि रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने चालली आहे. तिला हे अंतर कापायला ३८१ मायक्रोसेकंद लागतात. घड्याळ एकेक मायक्रोसेकंद मोजत असेल तर एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे वेगात सेकंदाला दोन मीटर. म्हणून चांगली उपकरणे याहून बारीक काळ मोजतात. पण खरी अडचण घड्याळाची नसतेच. ती अंतराची असते. पुढच्या संवेदकाने गोळीचे टोक दिसताच इशारा दिला आणि मागच्याने तीन मिलिमीटर उशिरा, तर ३०५ मिलिमीटरमध्ये एक टक्क्याची चूक होते. ८०० मीटरमध्ये आठ मीटर. दोन्ही संवेदक सारखेच चुकले तर चूक आपोआप कटते. ते वेगवेगळे चुकतात तेव्हाच आकडा बिघडतो. संवेदकांमधले अंतर चौपट केले की तीच तीन मिलिमीटरची चूक पाव टक्क्यावर येते. गंभीरपणे मोजणारे लोक आडव्या दांडीवर एकमेकांपासून चार फूट दूर संवेदक लावतात, त्याचे कारण हेच.

ओहलर यांच्या ३५ पी या मॉडेलमध्ये तर तीन संवेदक असत. पहिल्या आणि तिसऱ्यामधून मुख्य वेग निघे, पहिल्या आणि दुसऱ्यामधून तपासणीचा. दोन्ही जुळले नाहीत तर उपकरण त्या नोंदीवर संशयाची खूण करी. स्वतःच्या उत्तरावर स्वतःच शंका घेणारे उपकरण मला अधिक विश्वासाचे वाटते. आजच्या अनेक चकचकीत उपकरणांत ही सोय नाही.

प्रकाशाच्या पडद्याला त्रास देणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. सूर्य खाली उतरलेला असला की तिरकी किरणे थेट गोळीच्या पोटावर पडतात. चकचकीत तांब्याची गोळी मग सावलीऐवजी चमक देते. यावर जुने नेमबाज काळ्या मार्करने गोळी रंगवतात. संपूर्ण ढगाळ, एकसारखा पांढरा दिवस या उपकरणाला सगळ्यात मानवतो. बंदिस्त रेंजमध्ये ट्यूबलाइटचा उजेड आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि उपकरणाला त्यातच गोळ्या दिसू लागतात. तिथे साधा तंतूचा बल्ब किंवा इन्फ्रारेड दिव्यांची जोडचौकट लावावी लागते.

दारूच्या बंदुकीसमोर आणखी एक गोष्ट घडते. नळीतून गोळीबरोबर धक्क्याची लाट, वायू आणि न जळालेल्या दारूचे कण बाहेर पडतात. उपकरण फार जवळ असेल तर त्यांचीच सावली पडते आणि काहीतरी भलताच आकडा येतो. म्हणून रायफलसाठी ते नळीच्या तोंडापासून तीन ते पाच मीटर पुढे ठेवतात. एअर रायफलला हा त्रास नसतो, तिथे ते एखाद्या मीटरवरही चालते.

गोळी दोन्ही पडद्यांना काटकोनात जायला हवी. खोका पाच अंशांनी तिरका असेल तर गोळीची वाट ०.४ टक्क्याने लांबते आणि वेग तेवढा कमी दिसतो. ८०० मध्ये तीन मीटर. पाच अंश ही डोळ्याला सहज न दिसणारी चूक आहे, म्हणून तिपाई लावताना रायफलमागून वाकून रेषा बघा आणि मगच पुढे जा. उपकरण सरकवायला कुणीही पुढे जाणार असेल तेव्हा सगळ्या बंदुका रिकाम्या, बोल्ट उघडे आणि हात बंदुकीपासून दूर. रेंज अधिकाऱ्याने हो म्हटल्याशिवाय फायरिंग लाइन ओलांडायची नाही. क्रोनोग्राफच्या नादात हा नियम ढिला होताना दिसतो, आणि तसे होऊ देऊ नये.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पाच मीटरवर मोजलेला वेग हा पाच मीटरवरचा वेग असतो, नळीच्या तोंडाशी असलेला नव्हे. पॉइंट थ्री-झिरो-एटच्या १६८ ग्रेन वजनाच्या मॅच गोळीचा वेग सुरुवातीला दर मीटरला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने घटतो. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांच्या मानकानुसार वेग नळीपासून १५ फुटांवर, म्हणजे ४.५७ मीटरवर मोजतात. तिथे या गोळीने पावणेतीन मीटर गमावलेले असतात. अमेरिकी लष्कराच्या रायफल काडतुसांचे मोजमाप ७८ फुटांवर होते. तिथवर तोटा १४ मीटरपर्यंत जातो. एकच काडतूस, आणि दोन प्रामाणिक आकडे. त्यामुळे अंतर न लिहिलेला वेग मी अर्धवट नोंद मानतो. १० मीटर एअर रायफलचा चपट्या डोक्याचा छर्रा तर याहून खर्चिक. तो निघतोच सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, आणि तरीही दर मीटरला एक मीटर प्रति सेकंदाहून जास्त गमावतो.

या शतकात दोन नव्या पद्धती आल्या. मॅग्नेटोस्पीडची पट्टी थेट नळीला बांधतात. तिच्यात विद्युतचुंबकीय संवेदक असतात आणि धातूची गोळी त्यांच्यावरून गेली की क्षेत्रात खळबळ होते. उन्हाचा प्रश्न मिटला, तिपाईचा मिटला, नेम चुकून उपकरणालाच गोळी लागण्याची भीतीही बरीच गेली. पण नळीच्या टोकाला वजन लटकले की नळीची थरथर बदलते आणि गोळ्या कागदावर दुसरीकडे पडतात. म्हणून या उपकरणाने वेग मोजायचा तो वेगळा आणि नेमाची परीक्षा घ्यायची ती वेगळी.

दुसरी पद्धत रडारची. लॅबरडार नावाच्या नारिंगी पाटीने ती नेमबाजांपर्यंत आणली आणि २०२३ च्या शेवटी आलेल्या गार्मिनच्या झीरो सी-१ प्रो या तळहाताएवढ्या डबीने सर्वत्र पोहोचवली. रडार बंदुकीशेजारी ठेवतात. त्यातून साधारण २४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सतत पुढे जातात. दूर पळणाऱ्या गोळीच्या बुडावर आदळून त्या परत येतात तेव्हा त्यांची वारंवारता किंचित उतरलेली असते, फलाटावरून दूर जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर उतरतो तशी. फरक किती? सेकंदाला ८०० मीटर वेगाच्या गोळीसाठी १,२८,००० हर्ट्‌झ. म्हणजे वेगातल्या प्रत्येक मीटरमागे १६० हर्ट्‌झ. वारंवारता मोजणे हे आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला सगळ्यात चांगले जमणारे काम आहे, म्हणून हा आकडा इतका पक्का येतो.

शिवाय रडार गोळीला दोनच ठिकाणी पाहत नाही. तिच्या वाटेवर ते पुन्हा पुन्हा वेग टिपते, त्या बिंदूंमधून रेषा काढते आणि ती मागे नेऊन नळीच्या तोंडाशी वेग किती असेल ते सांगते. पडद्याच्या उपकरणात आपल्याला जो अंतराचा हिशोब करावा लागतो तो इथे उपकरणच करते. रडार गोळीच्या रेषेच्या थोडे बाजूला असल्याने सुरुवातीचे काही मीटर ते गोळीकडे तिरके बघते, त्याची दुरुस्तीही त्यातच असते. मात्र रडारची दिशा चुकली, बंदुकीपासून किती बाजूला आहे ते चुकीचे भरले किंवा शेजारच्या लेनमधल्या गोळीच्या आवाजाने ते जागे झाले, तर त्याचाही आकडा चुकतो.

उपकरण समजले. आता आकडे हाती आल्यावर काय करायचे? इथेच सर्वाधिक गफलत होते, म्हणून थोडे सावकाश जाऊ.

पाच गोळ्या झाडल्या आणि वेग आले ८०१, ८०६, ७९८, ८०४, ७९६. सरासरी ८०१. सर्वात वेगवान आणि सर्वात मंद यांमधला फरक १०. आता प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर बघा: ०, ५, उणे ३, ३, उणे ५. त्यांचे वर्ग करून बेरीज ६८. तिला चाराने भागले की १७ आणि त्याचे वर्गमूळ ४.१. हे प्रमाण विचलन. पाचाने न भागता चाराने भागतो, कारण सरासरी याच पाच आकड्यांतून काढली आहे आणि त्यामुळे विखुरणे थोडे कमी दिसते.

उपकरणाच्या पडद्यावर ४.१ हा आकडा दिसला की तो त्या काडतुसाचा स्वभाव आहे असे वाटते. तसे नाही. पाच गोळ्यांवरून काढलेल्या या ४.१ मागचे खरे प्रमाण विचलन ९५ टक्के खात्रीने सांगायचे तर अडीच ते जवळजवळ बारा यांत कुठेही असू शकते. २० गोळ्यांवरून ४.१ आले असते, तर तो पट्टा तीन ते सहा इतका अरुंद झाला असता. सरासरीचेही तेच. पाच गोळ्यांवर ८०१ म्हणजे ८०१, पाच इकडे किंवा पाच तिकडे. वीस गोळ्यांवर दोन इकडे किंवा दोन तिकडे.

कमाल फरकाची गोष्ट अजून फसवी. गोळ्या वाढल्या की तो वाढतच जातो. खरे विचलन चार असेल तर पाच गोळ्यांत कमाल फरक सरासरी नऊच्या आसपास येतो, दहात बाराच्या, विसात पंधराच्या. म्हणून एकाच्या पाच गोळ्यांचा फरक आणि दुसऱ्याच्या वीस गोळ्यांचा फरक शेजारी ठेवून कुणाचे काडतूस चांगले ते ठरवता येत नाही.

याचा सर्वाधिक संबंध स्वतः काडतुसे भरणाऱ्यांशी येतो. अमेरिकेत हा मोठा छंद आहे. रिकामी पितळी केस साफ करून, नवा प्रायमर बसवून, दारू तोलून त्यावर गोळी बसवणारे असंख्य नेमबाज तिथे आहेत. त्यांच्यासाठी क्रोनोग्राफ आधी सुरक्षेचे साधन आहे. हॉर्नडी, सिएरा, लायमन यांच्या पुस्तकांत प्रत्येक मिश्रणाची सुरुवात, कमाल मर्यादा आणि अपेक्षित वेग छापलेला असतो. आपली नळी पुस्तकातल्या नळीएवढीच लांब असून वेग पुस्तकाच्या कमाल आकड्याच्या पुढे गेला, तर दाबही पुढे गेला आहे असे समजून तिथेच थांबावे. जादा वेग फुकट मिळत नाही. मात्र उलटे अनुमान काढू नये. वेग ठीक दिसतो म्हणजे दाब ठीक आहे, असे क्रोनोग्राफ सांगत नाही. दाब मोजणे हे त्याचे कामच नाही.

या मंडळींत एक चाचणी लोकप्रिय आहे. दारूचे प्रमाण थोडे थोडे वाढवत एकेक गोळी झाडायची, वेगाचा आलेख काढायचा आणि जिथे वेग वाढायचा थांबल्यासारखा दिसतो ती ‘सपाट जागा’ उत्तम मानायची. मला ही पद्धत पटत नाही. एका गोळीचा वेग मुळातच चार मीटर इकडेतिकडे होणार असेल आणि दोन पायऱ्यांमधली वाढ तेवढीच असेल, तर केवळ योगायोगाने एखादी पायरी सपाट दिसणारच. तीच चाचणी दुसऱ्या दिवशी केली तर सपाट जागा दुसरीकडे सापडते. प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा गोळ्या झाडल्या तर बहुतेक वेळा सपाट जागा नाहीशी होते आणि एक सरळ चढती रेषा उरते. वेळ आणि दारू दोन्ही वाचवायची असतील तर पायऱ्या कमी ठेवाव्या आणि प्रत्येकीवर गोळ्या जास्त.

आपल्याकडे बहुसंख्य नेमबाज एअर रायफल आणि एअर पिस्तूलवर शिकतात, आणि त्यांना क्रोनोग्राफचा उपयोग थेट आहे. १० मीटरवर छर्रा साधारण पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वेगात सेकंदाला तीन मीटरचा फरक पडला तर छर्रा सहा दशांश मिलिमीटर वर-खाली होतो आणि दशांशाच्या गुणांकनात हे दोन दशांश असतात. आजच्या रायफली २०० बारपर्यंत भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक फटक्याला सारखा दाब देतो. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली घसरला की वेगही घसरू लागतो. ती घसरण नेमकी किती बारवर सुरू होते ते क्रोनोग्राफवर एकदा बघून कागदावर लिहून ठेवले, तर स्पर्धेत सिलिंडर कधी भरायचा याची चिंता राहत नाही. सिलिंडर अर्धा असताना वेग उगाच चढ-उतार करत असेल तर रेग्युलेटर दुरुस्तीला द्यायची वेळ आली आहे.

कायद्याशीही या आकड्याचा संबंध आहे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल तर एअरगनला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ जूल आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरने गेला तर त्याची ऊर्जा ७.७ जूल. २० जूल गाठायला त्याला २७५ मीटरचा वेग लागेल. वर्गामुळे वेगात दोन टक्के चूक झाली की ऊर्जेत चार टक्के होते, म्हणून मर्यादेच्या काठावरच्या बंदुकीसाठी स्वस्त क्रोनोग्राफचा एकच आकडा पुरेसा नाही. वेगवेगळ्या वजनाचे छर्रे वापरून बघावेत, कारण एकाच बंदुकीत हलक्या आणि जड छर्‍याची ऊर्जा वेगळी येते.

उपकरण खरे बोलते का, हे कसे तपासायचे? दुसरे उपकरण मिळाले तर दोन्ही एकामागे एक ठेवून त्याच गोळ्या दोन्हींतून जाऊ द्या आणि मग जागा अदलाबदल करून पुन्हा झाडा. अदलाबदलीमुळे वाटेत कमी झालेला वेग आणि उपकरणातला खरा फरक वेगळे करता येतात. एअर रायफलसाठी तर मोबाइलही चालतो. मोबाइल बंदुकीपाशी ठेवा, १० मीटरवर टणक टार्गेट लावा आणि आवाज मुद्रित करा. सुटण्याचा आवाज आणि आपटण्याचा आवाज यांच्यामध्ये ९१.७ मिलिसेकंद आले, तर त्यातले २९.२ आवाजाला परत यायला लागले, कारण २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर चालतो. उरले ६२.५, म्हणजे छर्रा सरासरी १६० मीटर वेगाने गेला. पुण्यातल्या ३५ अंशांच्या दुपारी आवाजाचा वेग ३५२ होतो. ते विसरलात तर छर्‍याचा वेग सेकंदाला दोन मीटरने चुकेल. हा वेग संपूर्ण १० मीटरचा सरासरी आहे हेही लक्षात ठेवायचे.

वहीत नोंद करताना वेगाबरोबर या गोष्टी हव्यात: कुठली बंदूक, कुठला लॉट, नळीपासून किती अंतरावर मोजले, किती गोळ्या, तापमान आणि एअर रायफल असेल तर सिलिंडरचा दाब. तापमानाने दारूचा वेग बदलतो, म्हणून जानेवारीच्या सकाळची नोंद मेच्या दुपारी जशीच्या तशी वापरता येत नाही. साफ करून तेल लावलेल्या नळीतली पहिली गोळी बहुधा बाकीच्यांपेक्षा वेगळी वागते. ती वेगळ्या रकान्यात लिहा. पण नको असलेला आकडा ‘ही चुकून आली’ म्हणून खोडू नका, जोवर उपकरणाने स्वतःच चूक दाखवलेली नाही.

एकट्या नेमबाजाने चांगले रडार घ्यावे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत गार्मिनची डबी ६०० डॉलरच्या आसपास आली होती, आणि वर्षातून काही दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी ही किंमत मोठी आहे. ती क्लबने घ्यावी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा नेमबाजी क्लबकडे एक चांगला क्रोनोग्राफ, एक तिपाई आणि एक सामायिक नोंदवही असली, तर मुलांना आपल्या रायफलचा स्वभाव पहिल्याच हंगामात कळेल. आणि गुण घसरले की लगेच मुलाच्या नेमावर बोट ठेवण्याआधी प्रशिक्षकाला सिलिंडर आणि छर्‍यांचा लॉट तपासून बघता येईल. क्लबच्या पुढच्या सभेत हा विषय जरूर मांडा.